थेट बॅटरीवरची वायर

गौतम, उद्या विहारात तुह्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे आन् तुह्यावर दोन शब्द मी बोलावं असं ठरलं आहे. तू असता तर पोट धरून हासला असता. ज्याले चार माणसात धड खाकरता येत नाई त्याच्या हाती माईक देऊन राह्यले. मी नाई म्हणणार होतो, पण तुह्या घरून रंजना वहिनीचा निरोप आला. "प्रकाशभाऊजीच बोलतीन," म्हणे, "त्यायले सगळं माहीत आहे."

सगळं माहीत आहे. तेच तर मरण झालं आहे माहं.

म्हणून आज दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आन् कागद घेऊन बसलो. दोन मोटारी वाइंडिंगले येऊन पडल्या आहेत, पडू दे. उद्याचं बोलणं आधी तुले वाचून दाखवतो. लोकायपुढे मले खोटं बोलता येईन असं वाटते, तुह्यापुढे येत नाई. आजवर आलं नाई.

लोक काय म्हणून राह्यले सांगू? म्हणतात, बोटीवर मशीन होती म्हणून गौतम लगेच सापडला तरी. स्मशानभूमीतून परत येताना तिघाचौघायनं माह्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही लावली म्हणून बरं झालं, प्रकाशभाऊ. नाई तं येवढ्या मोठ्या धरणात कुठी शोधा लागलं असतं." मी मान खाली घालून चालत राह्यलो. त्यायले वाटलं दुःखानं. दुःख तं होतंच, पण त्या टायमाले मले लाज वाटत होती.

आठवते का, ही मशीन घ्यायचं कसं ठरलं ते? तू अकरा वर्षं समुद्रावर काढून आला होता, प्रवाशायच्या लाँचवर. गावात आला आन् म्हणे, धरणात बोट टाकतो. हिवरा आश्रमाले येणारे लोक दुपारी घरी जाऊन काय करतात, पाण्यावर येतीन. मी म्हटलं, वेडा झाला का बे, वऱ्हाडात कोण बोटीत बसते. मंग मीच भागीदार झालो. बारा माणसायची बोट, वर कापडी छत, तुह्या माईचं नाव दिलं तिले, मैना. शनिवार-रविवार मी दुकान बंद करून किनाऱ्यावरच्या टपरीत तिकिटं फाडत बसे आन् तू फेऱ्या मारे.

मंग त्या दिवशी वारा सुटला आन् तुहं इंजिन धरणातल्या टेकडीच्या मांगं बंद पडलं. बोटीत लेकरंबाळं. मी किनाऱ्यावर फोन लावून राह्यलो, फोन लागत नाई. तू आला तवा दिवस बुडाले टेकला होता, आन् मासे धरणाऱ्या इब्राहिम चाचाच्या होडीनं मैनेले दोरी लावून ओढत आणलं होतं. त्याच दिवशी आपण ठरवलं, बोट कुठी आहे ते किनाऱ्यावर दिसलं पाह्यजे.

आन् तिथूनच आपलं भांडण सुरू झालं.

मी म्हटलं, ट्रकले बसवतात तसली मशीन घेऊ. सिमकार्डवाली. मोबाईलवर ठिपका दिसते, डोक्याले ताप नाई. तू म्हणे, नाई, समुद्रावरच्या बोटीले असते ती घेऊ, ट्रान्सपॉन्डर. ती स्वतःच रेडिओवरून सांगते, मी कोण, मी कुठी, मी किती जोरात चाललो. किनाऱ्यावर ऐकणारं यंत्र ठेवलं की झालं. मी म्हटलं, तुले समुद्राची हवा लागली आहे, अजून उतरली नाई. दुसऱ्या दिवशी मले बोटीत बसवून टेकडीच्या मांगं नेलं, इंजिन बंद केलं, तुहा फोन आन् माहा फोन दोन्ही माह्या मांडीवर ठेवले. दोन्हीले रेंज नव्हती.

"दाखव तुहा ठिपका," तू म्हणे.

तुह्या अशा वागण्याचा मले फार राग येये, गौतम. भांडायचं तं तोंडानं भांडावं ना माणसानं.

मंग त्या मशीनच्या नंबरासाठी आपले हेलपाटे. प्रत्येक मशीनमधे बोटीचा नंबर टाका लागते आन् तो सरकारातून घ्या लागते. फोनवरच्या त्या साहेबानं विचारलं, तुमचा जिल्हा कोणता. तू म्हणे बुलडाणा. तो जरासाक थांबला आन् म्हणे, तिथं समुद्र कोणत्या बाजूनं येतो? तू एकदम गंभीर होऊन सांगतलं, "अजून आला नाई साहेब, पण आमची तयारी आहे." मी दुकानाबाहेर जाऊन हासलो. नंबर मात्र घेतलाच तू. चिकाटी तुहीच.

बसवायले दोन दिवस लागले. त्यातला एक तुह्यामुळं गेला. मी अँटेना छताच्या पाइपाले मधातच बांधली होती, तू म्हणे सगळ्यात उंच पाह्यजे, आजूबाजूले लोखंड नोको. काढली. उरलेली केबल मी वेटोळं करून खाली कोंबली, तू म्हणे कापून टाक. कापली. जोडावर रबरी टेप मी दोनदा गुंडाळला, तू तिसऱ्यांदा गुंडाळायले लावला. मी म्हटलं, मोटारी मी बांधतो का तू? तू म्हणे, मोटारी तू बांध, पाण्याले मी ओळखतो. मैनेचं नाव मशीनमधे टाकलं, हिरवा दिवा लागला, आन् तीनचार मिनिटांनी टपरीतल्या जुन्या लॅपटॉपवर निळ्या पाण्यात एक ठिपका उगवला. दोघंही टक लावून पाह्यत राह्यलो. इब्राहिम चाचा आपली होडी बांधून आला, वाकून पाह्यलं आन् म्हणे, "बस, इत्ता-सा?"

पण एका गोष्टीवर आपलं जमलं नाई. वायर.

मी म्हणे, मशीनले करंट थेट बॅटरीवरून द्यायचा, मधात फक्त फ्यूज. म्हणजे इंजिन बंद असो का चालू, मशीन बोलत राह्यलं पाह्यजे. तू म्हणे, मेन स्विचच्या पुढून घे. इंजिनासंगं मशीनही बंद. मी म्हटलं, काऊन? बॅटरी उतरते म्हणे. मी हिशोब करून दाखवला, येवढी-येवढीशी मशीन किती करंट खाते, आठ दिवस उतरत नाई. तू आयकून घेतलं आन् म्हणे, "तरी स्विचच्या पुढूनच घे." मी विचारलं, खरं सांग. तवा तू सांगतलं. सकाळच्या फेऱ्या झाल्या की तू एकटाच टेकडीच्या मांगं जाये, मेन स्विच बंद करे आन् डबा घेऊन बसे. "दिवसभर साऱ्यायले दिसतो बे मी," तू म्हणे. "एक घंटा मले दिसू नोको दे."

बोट तुह्या नावावर, म्हणून मी स्विचच्या पुढून घेतली.

मंग काय झालं ते तुले माहीतच आहे. दुपारी ठिपका गायब झाला की मी टपरीत उठून उभा. आपलंच काम, आपणच बसवलेली वायर, तू स्विच बंद केला म्हणून गेला, हे मले समजे. तरी जीव राह्यत नसे. डोक्यात तोच वारा सुटलेला दिवस. मंग मी इब्राहिम चाचाची होडी काढायले लावे. दहा मिनिटांत टेकडी वळून आलो की तू छताच्या सावलीत पाय पसरून बसलेला. "आला का बे पोलीस?" तू म्हणे. मी शिव्या देत मैनेवर चढे आन् तुह्या डब्यातल्या दोन भाकरी ओढून ठेच्यासंगं खाऊन टाके. "खाय," तू म्हणे, "तुह्यापायी उपाशी राह्यतो मी." चाचा होडीत बसल्या-बसल्या बिडी ओढत म्हणे, "तुम दोनों मियाँ-बीवी हो क्या?"

दर शनिवारी, दर रविवारी. मी वैतागलो. सांग, वैतागणार नाई का माणूस? मी टपरीतलं गिऱ्हाईक सोडून धावून राह्यलो आन् तू मजेत भाकर खाऊन राह्यला. एका रविवारी मी सगळ्यायपुढे बोललो तुले. ज्याले दिसायचंच नाई त्यानं मशीन लावली कायले, समुद्रावरून हेच शिकून आला का. पर्यटक उभे होते, मी पाह्यलं नाई. तू टोपी घातली आन् निघून गेला. त्यानंतर आठ दिवस आपण बोललो नाई. तू तिकिटांचं बुक टपरीच्या खिडकीतून आत सरकवे आन् मी ते घे.

नवव्या दिवशी तू दुकानात आला. काउंटरवर माहंच कटर आन् टेस्टर ठेवलं आन् म्हणे, "चाल. लाव बापा तुह्या मनासारखी."

मी जिकलो होतो, गौतम. मैनेवर गुडघ्यावर बसून मी ती वायर स्विचवरून काढली आन् थेट बॅटरीले नेली तवा मी शीळ वाजवून राह्यलो होतो. तू बाजूले बसून पाह्यत होता. स्क्रू आवळला, इंजिन बंद, स्विच बंद, तरी हिरवा दिवा चालू. "पाह्य," मी म्हटलं. "आता कुठी बी बस. दिसशीन."

तू म्हणे, "आता येशीन नाई तू."

मी म्हटलं, "कायले येईन? दिसून राह्यला ना."

मले वाटलं तू चिडवून राह्यला.

ह्याच्या पुढचं मी कोणाले सांगतलं नाई. उद्या सांगा लागन.

रविवार होता. ऊन कडक. सकाळच्या चार फेऱ्या झाल्या, तू डबा घेऊन टेकडीच्या मांगं गेला. मी लॅपटॉपवर पाह्यलं. ठिपका टेकडीशी गेला, वळला, थांबला. बोट चालू असली की ती मशीन अर्ध्या मिनिटाले बोलते, थांबली की तीन मिनिटांनी एकदा. हे तूच मले शिकवलं होतं. दर तीन मिनिटांनी मशीन सांगत होती, मैना अथीच आहे. मी टपरीतला पंखा खोलून बसलो होतो, त्याची बेअरिंग गेली होती. पंखा दुरुस्त केला. घरून आणलेली पोळी खाल्ली. चाचा येऊन बसला, त्यानं लॅपटॉपात पाह्यलं आन् म्हणे, "आज बहुत देर बैठा है."

मी काय म्हटलं ते आयक. मी म्हटलं, "बैठने दो चाचा. दिख रहा है ना."

वरून हे बी म्हटलं, की पाह्य, आता धावा लागत नाई.

दीड घंटा. तीन-तीन मिनिटांनी, म्हणजे तीस वेळा. तीस वेळा त्या मशीननं मले बोलावलं आन् तीस वेळा मी म्हटलं, हो हो, दिसून राह्यला. वायर तुह्या जागी असती तं ठिपका पह्यल्या मिनिटाले गेला असता. मी शिव्या देत उठलो असतो, चाचाले होडी काढायले लावली असती, दहा मिनिटांत तुह्याजवळ असतो. हे मी त्या दिवसापासून मोजून राह्यलो. झोपताना, चहा पेताना, कोणी भेटायले आलं तरी मनात मोजणंच चालू. दहा मिनिटं आन् दीड घंटा.

आश्रमाकडून एक जीप भरून लोक आले, बोट पाह्यजे म्हणे. तवा मी उठलो. त्यायच्यासाठी उठलो, तुह्यासाठी नाई. आन् रागात उठलो. टेकडी वळेस्तोवर माह्या तोंडात शिवी होती, आन् मैना दिसल्याबरोबर मी ती हासडली. मोठ्यानं. तुह्या कानावर गेली का नाई, मले माहीत नाई. गेली असन तं तुह्या कानावर पडलेला माहा शेवटचा शब्द तो आहे.

तू बाकाले टेकून बसला होता. टोपी मांडीवर. डब्याच्या झाकणावर हात, डबा उघडला नव्हता. अंग गरम होतं. उन्हानं का तुह्या स्वतःच्या जिवानं, ते मले आजही सांगता येत नाई. बाजूले मशीनचा हिरवा दिवा चालू. चाचा होडीतूनच तुह्या नावानं हाका मारून राह्यला होता. मी इंजिन कसं चालू केलं, त्याच जीपनं मेहकरले कसं आणलं, काही धड आठवत नाई. दवाखान्यातले डॉक्टर भले माणूस होते. म्हणे, हृदय बंद पडलं. मी विचारलं, लवकर आणलं असतं तं? ते म्हणे, तसं काही सांगता येत नाई, पण पह्यला घंटा महत्त्वाचा असते. मी पुढे विचारलं नाई. पुढचं मले स्वतःच मोजता येते.

येवढंच असतं तं मी ते गिळून टाकलं असतं, खरं सांगतो. भित्रा माणूस आहे मी. पण तिसऱ्या दिवशी घरी गेलो तं वहिनी स्वयपाकघरात डबा घासून राह्यल्या होत्या. तोच डबा. म्हणे, "भाऊजी, चारही भाकरी तशाच होत्या. तुम्ही बी जेवले नाई त्या दिवशी."

मी म्हटलं, "चार?"

"चारच राह्यतात ना शनिवार-रविवारी," वहिनी म्हणे. "दोन त्यायच्या, दोन तुमच्या. मशीन लावली तवापासून. मले सांगून ठेवलं होतं, प्रकाश धावत येते, उपाशी येते, त्याच्या दोन टाकत जाजो."

मले वाटे मी तुह्या ताटातलं ओढून खाऊन राह्यलो, आन् तू मले रागावून देऊन राह्यला. तू माह्यासाठी बांधून आणे बे. तुले एक घंटा कोणाले दिसायचं नव्हतं हे खरं असन, पण त्या घंट्यात एक माणूस येईन हेही तुले माहीत होतं. स्विच बंद केला की मी येतो. आन् ते सांगायचं सोडून तू मले बॅटरी उतरते म्हणून सांगतलं. काऊन नाई सांगतलं, गौतम? एकदा म्हटलं असतं, जेवायले येत जाय. मी आलो असतो का? कोणास ठाऊक. मी म्हटलं असतं, टपरी कोण पाह्यन.

वायर बदलल्यावर किती रविवार गेले, मी एकदाही आलो नाई. तू मात्र भाकरी चारच नेल्या. उरलेल्या दोन काय केल्या बे, माशायले टाकल्या?

तवा वहिनीनं मले विचारलं. हात ओलेच होते त्यायचे. म्हणे, "तुम्ही लगेच गेले होते ना, भाऊजी? नेहमीसारखे?"

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यायले बरं वाटलं. तोंडावर दिसलं मले, जरासाक सैल झाल्या. म्हणे, "मंग त्यायच्या नशिबातच येवढं होतं." आन् त्या डबा पुसायले लागल्या. त्या एका होकारावर ती बाई जगून राह्यली आहे, आन् उद्या माईक घेऊन मले तो परत घ्या लागन. नाई घेतला तं लोक टाळ्या वाजवतीन, मशीनवाल्या दोस्ताचं नाव घेतीन, वहिनी मले चहा देतीन, आन् मी जन्मभर तो चहा पेत राहीन. तसं मले जमणार नाई. वहिनीनं पुढे माहं तोंड पाह्यलं नाई तरी चालन. म्हणजे चालणार नाई, पण तेच बरोबर राहीन.

येवढं बोलायचं आहे, गौतम. दोन शब्दाचं फार झालं.

आज सकाळी मैनेवर गेलो होतो. चाचानं तिले धुवून ठेवलं आहे. वहिनी म्हणतात बोट बंद नाई करायची, फेऱ्या मारायले माणूस पाहू, टपरीत त्या स्वतः बसत जातीन. म्हणून मशीन तपासायले गेलो. मशीनच्या पुस्तकात पाह्यलं तं माहंच बरोबर आहे, आजही. वायर थेट बॅटरीवरूनच घ्यावी, कोणी बी शहाणा माणूस हेच सांगन. मी कटर घेतलं आन् ती कापली. मेन स्विचच्या पुढं नेऊन जोडली, जिथं तू म्हणत होता तिथं, आन् टेप तीनदा गुंडाळला. स्विच बंद केला. हिरवा दिवा गेला. टपरीत येऊन लॅपटॉपसमोर बसलो आन् जरा वेळानं ठिपकाही गेला.

मी उठून उभा राह्यलो. मैना डोळ्यासमोर किनाऱ्याले बांधलेली, तरी उठलो.

उद्या बोलून झालं की वहिनीले येवढंच शिकवीन, त्या आयकतीन तं. बोट दिसेनाशी झाली की काम टाकून उठायचं, चाचाले हाक मारायची आन् जायचं. फुकट फेरी पडली तरी जायचं. आन् जाताना दोन भाकरी संगं घ्यायच्या.